जुन्या नोंदींची निरवानिरव

सुगृहिणीच्या घरांत रद्दीचा दिवस ठरलेला असतो. आमच्या एकत्र कुटुंबांत तो महिन्याचा पहिला रविवार. रद्दीवाला ओसरीवर तागडी मांडतो, तेव्हां थोरल्या वहिनी गठ्ठ्याजवळ ठाण मांडून बसतात आणि प्रत्येक कागद उलगडून पाहिल्यावांचून तागडींत पडूं देत नाहींत. विजेचें बिल एकीकडे, डॉक्टरांची चिठ्ठी दुसरीकडे, लग्नाची पत्रिका तिथि टिपून घेतल्यावर रद्दींत. हें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. परंतु गेल्या तीस वर्षांत आमच्या घरांतून कामाचा एकहि कागद बाहेर गेला नाहीं, आणि घर कागदांनीं तुंबलेंहि नाहीं.

या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचा विषय याच जातीचा आहे. मात्र त्यांतील रद्दी कागदाची नसून संगणकांतील नोंदींची आहे, आणि ती निवडावयास तेथें वहिनी बसलेल्या नसतात. संगणकांतील प्रोग्रॅम आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहून ठेवतात, त्यांतील जुन्या नोंदी आपोआप काढून टाकण्याची व्यवस्था कशी लावावी, हा तो विषय. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मास्तरानें या फंदांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्याला उत्तर इतकेंच कीं, या बाबतींत गेल्या उन्हाळ्यांत माझ्या एका शब्दामुळें एका सज्जन बाईंचें मन दुखावलें गेलें. ती हकीकत ओघानें येईलच.

प्रथम शब्द पाहूं. या नोंदींस इंग्रजींत 'लॉग' म्हणतात, आणि लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वीं शिडाच्या गलबतावरील खलाशी दोरीला लाकूड बांधून तें पाठीमागें समुद्रांत टाकीत. दोरीला ठराविक अंतरावर गांठी मारलेल्या असत. वाळूचें घड्याळ रितें होईपर्यंत किती गांठी हातांतून सुटल्या, तें मोजून गलबताचा वेग काढीत. आणि तो ज्या वहींत टिपून ठेवीत, ती लॉग-बुक. जहाजाचा वेग आजहि 'नॉट' म्हणजे गांठींतच सांगतात. पुढें त्या वहींत वारा, दिशा, अपघात असें सर्वच लिहूं लागले. संगणकाचा लॉग हा त्याच वहीचा वंशज. कोणीं केव्हां दार ठोठावलें, काय मागितलें, काय दिलें, कोठें अडलें, हें सर्व प्रोग्रॅम वेळेसह ओळीमागून ओळ लिहीत असतो. व्यवहार सुरळीत चालला असतां या वहीकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. बिघाड झाला, चोरी झाली, तंटा उपस्थित झाला, म्हणजे तीच एकटी साक्षीदार.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. बँकेंतील शिल्लक, शाळेंतील मुलाचें नांव, ग्रंथालयांतील ग्रंथांची यादी, ही झाली मूळ माहिती; ती निराळ्या जागीं असते व तिला कोणी हात लावावयाचा नसतो. लॉग म्हणजे देवडीवरच्या पहारेकऱ्याची वही. वाड्यांतील दागिने तींत नसतात. पण दागिने नाहींसे झाले, तर प्रथम तीच उघडावी लागते.

आतां हकीकत. आमच्या गांवच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी आहें. पुस्तकांची देवघेव तेथें संगणकावर होते, आणि तो प्रोग्रॅम आमचाच एक पुतण्या फावल्या वेळांत सांभाळतो. मे महिन्याच्या सुटींत एका रविवारीं सकाळीं दारांत मुलांची रांग लागली असतां यंत्र एकाएकीं नोंद घेईना. मला फोन आला. मीं पुतण्यास उठविलें. त्यानें घरूनच यंत्रांत डोकावून पाहिलें आणि म्हणाला, "काका, डिस्क काठोकाठ भरली आहे. पुस्तकांची माहिती मूठभर आहे. बाकी सगळी जागा लॉगनें खाल्ली."

कारणहि त्यानेंच सांगितलें. प्रोग्रॅमनें किती बारीक लिहावें याच्या पायऱ्या असतात: केवळ चुका, चुका व इशारे, त्यांसह नेहमींचे व्यवहार, आणि सर्वांत खालची पायरी 'डीबग', जींत प्रोग्रॅम जणूं आपला श्वासोच्छ्वासहि टिपून ठेवतो. फेब्रुवारींत एक दोष हुडकण्यासाठीं पुतण्यानें ही डीबगची पायरी चालू केली होती. दोष सांपडला, पायरी मात्र पूर्ववत् करावयाची राहून गेली. तीन महिने तो लॉग रात्रंदिवस फुगत होता.

"जुन्या नोंदी निवडून दुसरीकडे ठेवायच्या, तर दोन तास लागतील," तो म्हणाला. इकडे मुलें ताटकळलेलीं, ग्रंथपाल हवालदिल. मी म्हणालों, "अरे, जुना कचरा तो! टाक सगळा, आणि काम सुरू कर."

तो घुटमळला. "काका, सगळा?"

"सगळा."

त्यानें फाईल पुसली. परंतु डिस्कवर तिळभरहि जागा मोकळी झाली नाहीं. याचें कारण वाचकांस मौजेचें वाटेल. लिनक्स जातीच्या यंत्रांत फाईल पुसणें म्हणजे तिचें नांव यादींतून काढणें. एखाद्या चालू प्रोग्रॅमनें ती उघडून धरली असेल, तर नांव गेलें तरी फाईल जिवंत राहते, जागा अडवून बसते, आणि प्रोग्रॅम त्या निनावी फाईलींत लिहीतच राहतो. मला पाणिनीच्या लोपाची आठवण झाली. त्याच्या व्याकरणांत लोप म्हणजे नाश नव्हे, अदर्शन. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याचें कार्य मागें राहतें. पुतण्यानें प्रोग्रॅम बंद करून पुन्हां चालू केला, तेव्हां त्याची पकड सुटली आणि जागा मोकळी झाली. त्या क्षणापर्यंत ती फाईल परत मिळविणें शक्य होतें. त्यानंतर ती कायमची गेली. रांग पुढें सरकली, आणि मी समाधानानें जेवावयास बसलों.

पंधरा दिवसांनीं माईंचें प्रकरण निघालें. गांवांत सारे त्यांना माई म्हणतात. वाचनालयाच्या त्या पन्नास वर्षांच्या सभासद. एका जुन्या चरित्रग्रंथाचा दुसरा भाग त्यांच्या नांवावर उभा होता. ग्रंथ आतां बाजारांत मिळत नाहीं. माई म्हणाल्या, "तो मीं गुरुवारीं संध्याकाळीं टेबलावर दिला. समोरच्या मुलानें आंकडे दाबले, मग मी निघालें." कपाटांत ग्रंथ नव्हता. टेबलावरचा मुलगा सुटीपुरता कामावर आलेला. त्याला कांहीं आठवेना. आतां, मूळ माहितींत पुरा झालेला व्यवहार तेवढा राहतो. परंतु लॉगमध्यें दाबलेला प्रत्येक क्रमांक, मग तो बरोबर असो वा चुकीचा, तास-मिनिटांसह उतरलेला असतो. त्या संध्याकाळच्या ओळी उघडून पाहिल्या असत्या, तर पांच मिनिटांत उलगडा होता. पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. माईंचा तो गुरुवार आम्हीं रविवारीं पुसून टाकला होता.

मंडळांतील कोणीं माईंस खोटें म्हटलें नाहीं. परंतु नियमाप्रमाणें कार्यालयांतून पत्र गेलें, आणि तिसऱ्या दिवशीं ग्रंथाची किंमत पाकिटांत घालून त्यांनीं नातवाबरोबर धाडली. पावतीहि मागितली नाहीं.

या प्रसंगांत दोन चुका झाल्या, आणि त्या परस्परविरुद्ध टोकांच्या आहेत. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कांहींच टाकलें नाहीं, ही पहिली. आणि मे महिन्यांत पांच मिनिटांत सर्वच टाकलें, ही दुसरी. पहिलींतूनच दुसरी जन्मली. काय टाकावें व काय राखावें याचा निर्णय जागा संपल्यावर घ्यावयाचा नसतो. तो जागा भरपूर असतां, शांत चित्तानें घेऊन ठेवावयाचा, आणि अंमलबजावणी यंत्राकडे सोंपवावयाची. आपोआप होणाऱ्या झाडलोटीचें सारें मर्म एवढ्यांत आहे.

कोणी म्हणेल, टाकावेंच कशाला? पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमाल राखले गेले, म्हणून तर १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील कागदांचे ४५ खंड निघाले. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु ते खंडसुद्धां हजारों रुमालांतील निवडक कागदांचेच होते, आणि ती निवड करावयास जाणतीं माणसें वर्षानुवर्षें बसलीं होतीं. आमच्या शाळेंत जनरल रजिस्टर कायमचें जपलें जाई. रजेच्या चिठ्ठ्या मात्र वर्षअखेर जात. दोन्ही कागदच, पण दोहोंचें आयुष्य निराळें. तसेंच प्रत्येक लॉगचें आयुष्य निराळें ठरवावयाचें असतें.

हें ठरविलेलें अमलांत आणणारा लिनक्सवरील प्रसिद्ध प्रोग्रॅम म्हणजे 'लॉगरोटेट', अर्थात् लॉगची पाळी फिरविणारा. बहुतेक ठिकाणीं तो दिवसांतून एकदां जागा होतो, आपली नियमावली वाचतो आणि काम उरकून निजतो. नियमावली म्हणजे साध्या मजकुराची फाईल; बहुधा एका ओळींत एक नियम. 'वीकली' म्हणजे दर आठवड्यास नवी वही घ्यावी. 'डेली' म्हणजे रोज. 'रोटेट' या शब्दापुढें आंकडा येतो. तो ४ असेल, तर जुन्या चार वह्या ठेवाव्या आणि पांचवी होऊं लागली कीं सर्वांत जुनी टाकावी. 'कॉम्प्रेस' म्हणजे जुनी वही दाबून लहान करावी; लॉगमध्यें तेच ते शब्द पुनःपुन्हां येत असल्यामुळें तो दाबल्यावर कित्येक पटींनीं आटतो. 'मिसिंगओके' म्हणजे वही जागेवर नसली तरी ओरड करूं नये. 'नॉटिफएम्प्टी' म्हणजे कोरी वही उगाच फिरवूं नये.

'वीकली' आणि 'रोटेट ४' हा जोड अनेक यंत्रांत मुळांतच लिहून आलेला असतो, व पुष्कळजण तो तसाच राहूं देतात. म्हणजे सुमारें महिन्याहून जुनें कांहींच उरत नाहीं, आणि महिना पुरेल कीं नाहीं याचा विचार मात्र कोणींच केलेला नसतो. नव्या लिनक्स यंत्रांत 'जर्नलडी' नांवाचा दुसरा नोंदनीस असतो. त्याची मूळची मर्यादा दिवसांवर नसून आकारावर आहे: डिस्कच्या त्या भागाचा दहावा हिस्सा, आणि तोहि फार तर ४ जी.बी. अशा मर्यादेंत एखाद्या गोंगाटी दिवसाच्या नोंदी कित्येक महिन्यांच्या शांत नोंदींना हुसकून लावूं शकतात. म्हणून केवळ आकाराच्या मर्यादेवर विसंबूं नये.

लोपाचा पेंच लॉगरोटेटलाहि चुकत नाहीं. पाळी फिरवितांना जुन्या वहीचें नांव बदललें, तरी प्रोग्रॅम तिलाच चिकटून लिहीत राहतो. यास्तव 'पोस्टरोटेट' या सदराखालीं त्याला खूण करण्याची व्यवस्था लिहावी लागते कीं, जुनी वही मीट आणि नवी उघड. ज्या प्रोग्रॅमला ही खूण समजत नाहीं, त्याच्यासाठीं 'कॉपीट्रंकेट' हा उपाय आहे: वहीची नक्कल काढून मूळ वही जागच्या जागीं कोरी करावयाची. मात्र नक्कल काढणें व कोरी करणें यांच्या मधल्या क्षणीं आलेल्या ओळी हरवूं शकतात; ज्या वहीची साक्ष काढावी लागेल, तिला ही रीति शक्यतों लावूं नये.

मुख्य प्रश्न राहिला: आयुष्य किती असावें? त्याचा विचार तीन अंगांनीं करावा. पहिलें अंग, तंटा किती दिवसांनीं उठतो? आमच्या वाचनालयांत पुस्तकाची मुदत पंधरा दिवसांची, स्मरणपत्र महिन्यानें जातें, आणि तक्रार कधीं कधीं तीन महिन्यांनीं येते. नोंदीचें आयुष्य तक्रारीहून अधिक असलें पाहिजे. दुसरें अंग कायद्याचें. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निर्देशांप्रमाणें सेवा पुरविणाऱ्या कंपन्या, डेटा-सेंटरें, सरकारी कचेऱ्या आदींनीं आपल्या संगणक-व्यवस्थांचे लॉग १८० दिवस जपावयाचे आहेत. बँकांच्या कार्डांचे व्यवहार जेथें चालतात, तेथें पीसीआय डीएसएस या नांवाचें प्रमाण लागू असतें. तें तपासणीचे लॉग वर्षभर राखावयास व त्यांतील शेवटचे तीन महिने हाताशीं ठेवावयास सांगतें. तिसरें अंग जपण्यांतील जोखमीचें. लॉगमध्यें नको तें लिहिलें जातें. २०१८ च्या मे महिन्यांत ट्विटर (आतांचें एक्स) या कंपनीनें जाहीर केलें कीं, सभासदांचे पासवर्ड आंतल्या एका लॉगमध्यें उघड्या अक्षरांत उतरत होते. दुरुपयोगाचें चिन्ह तपासांत दिसलें नाहीं, तरी ३३ कोटींहून अधिक सभासदांना पासवर्ड बदलण्याची सूचना द्यावी लागली. लोकांचीं नांवें, फोनचे आंकडे, कोण काय वाचतो याची टिपणें जरूरीपेक्षां अधिक काळ बाळगणें म्हणजे परक्यांचीं पत्रें फडताळांत सांठविण्यासारखें आहे.

आमचा हिशेब असा झाला. डीबगची पायरी बंद केल्यावर वाचनालयाचा लॉग रोज सुमारें २० एम.बी. भरतो. १८० दिवसांचे ३,६०० एम.बी.; दाबल्यावर त्याहून पुष्कळच कमी. एवढ्यासाठीं आम्हीं माईंची साक्ष घालविली! आतां देवघेवीच्या लॉगला 'डेली' व 'रोटेट १८०' असा नियम आहे. डीबगची वही निराळी केली असून ती लागेल तेव्हां उघडावयाची, आणि तिला सात दिवसांचेंच आयुष्य.

याखेरीज तीन सावधगिऱ्या पुतण्यानें पाळल्या, त्याहि सांगतों. नियम लिहिल्यावर त्यानें प्रथम तालीम घेतली. लॉगरोटेटला तसा हुकूम देतां येतो. मग तो कशासहि हात न लावतां, अमुक वही फिरवीन, अमुक टाकीन, एवढें सांगून दाखवितो. तालमींत एक नांव चुकलेलें सांपडलें. प्रत्यक्षांत सांपडतें तर उशीर झाला असता. दुसरी गोष्ट, 'मॅक्ससाइझ' लिहून आकाराचीहि मर्यादा घातली, म्हणजे वही फार फुगली तर ठरल्या दिवसाआधींच फिरते. पण येथें एक मेख आहे. आकारामुळें फिरलेली वहीसुद्धां १८० च्या गणतींत धरली जाते, यास्तव मर्यादा नेहमींच्या भरतीहून पुष्कळ वर ठेवावी. शिवाय लॉगरोटेट दिवसांतून एकदांच जागा होत असल्यामुळें, दुपारीं वेड्यासारखा वाढूं लागलेला लॉग त्याला रात्रींच दिसतो. म्हणून तिसरी गोष्ट: लॉगसाठीं डिस्कचा भागच निराळा तोडून दिला, आणि तो ऐंशीं टक्के भरला कीं पुतण्याच्या फोनवर निरोप येईल असें केलें. आतां लॉग तुंबला तरी पुस्तकांच्या माहितीचा श्वास कोंडत नाहीं.

हे सर्व आंकडे आम्हीं एका कागदावर लिहून मंडळाच्या सभेंत मंजूर करून घेतले. कोणता लॉग, किती दिवस, कां, आणि कोणीं ठरविलें, अशीं चार सदरें त्यांत आहेत. तो कागद ग्रंथपालांच्या टेबलामागें लावला आहे. त्याच सभेंत मीं माझी चूक कबूल केली, व माईंचा शब्द प्रमाण मानून पैसे परत करावे असा ठराव झाला.

पाकीट घेऊन मी स्वतः माईंकडे गेलों. झालें तें सर्व सांगितलें; नोंद पुसण्यास मींच सांगितलें होतें, हेंहि सांगितलें. त्यांनीं चहा दिला, पाकीट घेतलें, आणि म्हणाल्या, "मास्तर, पैशाचें कांहीं नाहीं. पण पन्नास वर्षें तुमच्या वहींत माझ्या नांवापुढें शेरा नव्हता." यावर मी काय बोलणार? ग्रंथ अद्याप सांपडलेला नाहीं. माईंचें सभासदत्व चालू आहे. पुस्तकें न्यावयास मात्र आतां त्यांचा नातू येतो.

असो. आज पुष्कळ घरांतून मुलगा, सून, पुतणी अशीं कोणी ना कोणी संगणकाच्या धंद्यांत आहेत. कोणी पुण्यांत, कोणी परदेशांत. वाचकांनीं आज रात्रीं जेवतांना त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावे: तुमच्या यंत्रांतील नोंदी किती दिवस राहतात? आणि तो आंकडा कोणीं ठरविला? पहिल्याचें उत्तर बहुधा मिळेल. दुसऱ्याचें न मिळाल्यास, तो आंकडा ठरवावयास डिस्क भरण्याची वाट पाहूं नका, एवढेंच या मास्तराचें सांगणें. इत्यलम्.